एका संख्येचें कौतुक

मोठी संख्या पाहतांच पुष्कळ मुलें पाटी दूर सारितात. त्यांच्यापुढें आम्ही १४२८५७ ही संख्या ठेवूं इच्छितों. हिला २ ते ६ पैकीं कशानेंहि गुणिलें, तरी तेच सहा अंक त्याच क्रमानें फेर धरितात. ७ नें गुणितांच मात्र ९९९९९९! कारण, एकास सातांनीं भागिलें असतां दशांशांत हेच अंक पुनःपुन्हां येतात. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याच्या २०४०८ व १२२४४९ या दोन भागांची बेरीज पुन्हां मूळ संख्याच! अशा संख्यांस ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डीचे रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक १९२७ सालीं मिळविणारे द. रा. कापरेकर पुढें देवळालीस शाळाशिक्षक झाले व जन्मभर संख्यांत रमले. घरांतील वडीलधाऱ्यांनीं धाक न घालतां मुलांस हा गुणाकार एकदां करूं द्यावा.