उदासी वयाप्रमाणे रूप बदलते

ताप आला की आपण कपाळाला हात लावून बघतो. मनाचा आजार असा हाताला लागत नाही. त्यातून एकच आजार प्रत्येक वयात वेगळं रूप घेतो. आज आपण उदासीच्या आजाराबद्दल, म्हणजे डिप्रेशनबद्दल बोलू.

लहान मूल ‘मला उदास वाटतं’ असं सांगत नाही. ते पोट दुखतं म्हणतं, शाळा टाळतं, चिडचिड करतं, खेळ सोडतं. वयात आलेली मुलगी मैत्रिणींपासून तुटते, अभ्यासात मागे पडते. आपण म्हणतो, शेफारली.

बाळंतिणीला पहिल्या आठवड्यात रडू येणं पुष्कळदा घडतं आणि आपोआप थांबतं. पण दोन आठवडे उलटले तरी रडू थांबत नाही, बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, बाळाची माया वाटत नाही, तर तो आजार असू शकतो. तिला ‘नाटकं करते’ म्हणू नका.

चाळिशीतली बाई अंगदुखी, डोकेदुखी सांगते आणि गोळ्या खात राहते. म्हातारं माणूस गप्प होतं, विसरतं, जेवण टाकतं. आपण म्हणतो, वय झालं.

मग निदान कसं होतं? मुख्यतः विचारपूस करून. झोप, भूक कशी आहे? कामात मन लागतं का? असं जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा जास्त चाललंय का? रोजची कामं अडतात का? थायरॉईड बिघडलं किंवा अंगात रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो, म्हणून डॉक्टर रक्तही तपासतात. म्हाताऱ्या माणसात हा विसरभोळेपणाचा आजार तर नाही ना, तेही बघतात. जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या. कधीपासून, काय बदललं, ते त्याला नीट सांगता येतं.

कुणी ‘जगून काय करू’ म्हणत असेल तर सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. तिला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

देवऋषीकडे जाऊन आला असाल तर आम्ही नावं ठेवणार नाही. पण डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.