सुईची जखम आणि मनावरचा भार

नवी दिल्ली : परिचारिकेच्या बोटात वापरलेली सुई घुसली की चौकशीचा निष्कर्ष बहुधा एकाच शब्दात लिहिला जातो : निष्काळजीपणा. इजा नेमकी कोणत्या क्षणी झाली, हे पाहिले तर मात्र वेगळेच चित्र दिसते. इंजेक्शन देऊन झालेले असते, सुई अजून हातातच असते. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचे सलाईन संपते, नातेवाईक हाक मारतात, डॉक्टर तिसऱ्याच रुग्णाचा रक्तदाब विचारतात.

एकाच वेळी इतक्या गोष्टी ध्यानात ठेवण्याच्या या ओझ्याला मानसिक कार्यभार म्हणतात. शारीरिक थकव्याहून तो निराळा. पाळी सुरू होताच तो जाणवू शकतो. तो मोजण्याची सर्वपरिचित पद्धत रुग्णालयात नव्हे, तर अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेत विकसित झाली. सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी ती १९८८ मध्ये मांडली. बौद्धिक व शारीरिक श्रम, वेळेची निकड, कामगिरी, प्रयत्न आणि वैफल्य या सहा बाबींना कर्मचारी स्वतःच गुण देतो.

माणसाची तात्कालिक स्मृती तोकडी असते. मध्येच व्यत्यय आला की अर्धवट कामाची खूण मनात जपावी लागते. ती निसटली की उघडी सुई ट्रेमध्ये राहते आणि कधी ती परिचारिकेऐवजी सफाई कर्मचाऱ्याला टोचते. अशा वेळी निष्काळजी कोणाला म्हणायचे?

एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत, लस न घेतलेल्या व्यक्तीत ती ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ठपक्याच्या भीतीने जिने इजा लपवली, तिची ही मुदत हातची जाते.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे आणि सुयांसाठी न भेदला जाणारा पांढरा डबा ठेवणे बंधनकारक आहे. पण हा डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर नियम पाळूनही सुई हातात घेऊन चालावे लागतेच. अमेरिकेने २००० च्या कायद्याने सुरक्षित उपकरणे निवडताना प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे मत घेणे सक्तीचे केले. मनुष्यबळाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. गजबजलेल्या सरकारी वॉर्डात पाऊल ठेवलेल्या कोणालाही हे प्रमाण कागदावरचेच वाटेल.

सुई टोचल्यास बोट पिळू नये, तोंडात घालू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी आणि पाळी संपण्याची वाट न पाहता नोंद करून वैद्यकीय सल्ला घ्यावा.