शुक्रवार तालमीचा

सकाळी पावणेसहा. आमच्या शारजातल्या स्वयंपाकघरात आज दोन डबे जास्तीचे. आम्ही बसवतोय त्या नाटकातली दोन मुलं बेडस्पेसवर राहतात, एका खोलीत सहाजण. शुक्रवारी तरी घरच्या पोळ्या आणि भरली वांगी पोटात जावीत. सव्वासहाला अल इत्तिहाद रोडवर. निघायला थोडा जरी उशीर झाला, तरी दुबई लांबत जाते.

आठ ते बारा ऑफिस.

दुपारी बारा. २०२२ पासून इथे अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्या अर्धा दिवस. शारजात तर शुक्रवारही सुट्टीचाच. आमचं ऑफिसही बाराला सुटतं. पूर्वी शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, तेव्हा तालमी शुक्रवारी सकाळी व्हायच्या. आता दुपारपासून रात्रीपर्यंतचा वेळ नाटकाचा.

साडेबारा. कागदपत्रं. प्रेक्षकांना हे काम कधी दिसत नाही, पण प्रयोग उभा राहतो तो यावरच. हॉलचं आरक्षण, परवान्यासाठी संहितेचा इंग्रजी सारांश, कलाकारांची यादी. पैशांचं मात्र इथे निराळंच. गावी गणपतीत पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलेली मी. इथे २०२१ च्या संघीय कायद्यानुसार परवानाधारक संस्थेलाच देणग्या गोळा करता येतात. व्हॉट्सॲपवर 'जमेल तेवढं द्या' असं आवाहनही करायचं नाही, हे नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी बजावते. मला हा नियम जाचक वाटत नाही. हिशेब चोख राहतो आणि कोणी कोणाच्या उपकारात राहत नाही. आणि नाटक इथे परकं नाही. मी राहते त्या शारजाचे शासक शेख सुलतान अल कासिमी स्वतः नाटककार आहेत. २००७ चा जागतिक रंगभूमी दिनाचा संदेश त्यांचा होता, २००२ चा आपल्या गिरीश कार्नाडांचा.

साडेतीन. सेटच्या लाकडासाठी दुबईतलं अल कूझ. गोदामांच्या याच वस्तीत अलसर्कल ॲव्हेन्यू आहे. जुन्या संगमरवर कारखान्याच्या जागेवर आता कलादालनं आहेत. लाकूड गाडीत भरून झालं की मी तिथे दहा मिनिटं थांबतेच.

सहा. करामातली खोली, तालीम. आमचा दिग्दर्शक पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला उतरलेला. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ पासून ती स्पर्धा चालवून किती पिढ्यांना रंगमंचावर उभं केलं! तिथलीच शिस्त तो इथे आणतो. उशीर झाला तर बाहेर उभं राहायचं, मग तो बँकेतला मॅनेजर का असेना.

आज नवा नायक. गेल्या महिन्यात पहिल्याची नोकरी गेली. इथे राहणं नोकरीच्या व्हिसावर, त्यामुळे तो नाशिकला परतला. अशी माणसं आम्ही दर वर्षी गमावतो. संस्थेने नाटक बसवावं, तसंच गेलेल्याची जागा भरायची तयारीही ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून प्रत्येक भूमिकेला आता एक बदली नट.

नवा मुलगा तिसऱ्या प्रवेशात सारखा अडखळत होता. नऊ वाजता नाशिकहून ध्वनिसंदेश आला. पहिल्याने आपली सगळी वाक्यं म्हणून पाठवली होती. मध्येच थांबून तो सांगत होता, "इथे श्वास घे. घाई केलीस तर पुढचं वाक्य हातात राहत नाही."

साडेदहा. रिकामे डबे मागच्या सीटवर. नवा मुलगा शेजारी बसून तो संदेश चौथ्यांदा ऐकतोय.