मोटारीला ग्रीस किती द्यावे?

गाईला वैरण घालताना आपण हात आखडता घेत नाही, पण पेंड मात्र मापानेच घालतो. मोटारीचे ग्रीस पेंडीसारखे आहे. असे असूनही आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात बहुतेक विहिरींवर ते वैरणीसारखे घातले जाते.

मागच्या उन्हाळ्यात नेवासे तालुक्यातील एका वस्तीवर गेलो होतो. कांदा पोसण्याच्या बेतात आणि मोटार जळून रिवायंडिंगला गेलेली. घरधनी म्हणाले, "साहेब, ग्रीसात मी कसूर केली नाही. बेअरिंग अगदी ठासून भरलं होतं." मोटारीचे काढलेले झाकण तिथेच पडले होते. आतले ग्रीस दांड्याच्या कडेने आत शिरून वायंडिंगपर्यंत पोहोचले होते आणि त्यावर धुळीचा काळा थर बसला होता. विजेचा कमी दाबही त्या मोटारीला भोवला असेल, पण ठासलेल्या ग्रीसाने तिचा दम आधीच काढला होता. तिकडे आठ दिवस वाफ्यात पाणी नाही. घरच्या बाई एवढेच म्हणाल्या, "कांदा लिंबाएवढाच राहिला बघा."

ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. बेअरिंगच्या गोळ्या फिरताना ते बाजूला सारतात आणि त्यातून झिरपणाऱ्या तेलावर चालतात. ग्रीसाला बाजूला सरायला जागा हवी. मोनोब्लॉक पंपाची मोटार मिनिटाला सुमारे 2,880 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 48. आत जागाच नसेल तर गोळ्या ग्रीस घुसळत बसतात. घुसळले की तापते, तापले की तेल सुटून गळून जाते आणि मागे उरलेला साबण वाळून कडक होतो. म्हणजे भरपूर ग्रीस घालूनही बेअरिंग कोरडेच पडते! बेअरिंगचा ताव 70 अंशांच्या वर गेला, की पुढच्या दर 15 अंशांना ग्रीसाचे आयुष्य निम्मे होते.

मग मापायचे कसे? बेअरिंगच्या कडेला आकडा कोरलेला असतो. समजा तो 6306 आहे. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, म्हणजे 30 मिलिमीटर. त्याचा बाहेरचा व्यास 72 आणि रुंदी 19 मिलिमीटर. या दोहोंचा गुणाकार 1,368. त्याला 200 ने भागले की 6.84. म्हणजे पुन्हा ग्रीस देताना सुमारे 7 ग्रॅम पुरे, चहाचा दीड सपाट चमचा. लहान मोटारीतील 6205 बेअरिंग 52 बाय 15 चे असते; त्याला 4 ग्रॅम पुरतात. आकडा वाचता आला नाही तर जुने बेअरिंग पट्टीने मोजावे. शाळेत जाणारी मुलगी हा हिशेब चुटकीसरशी करील, तिलाच सांगावा.

ग्रीसगनचा एक दाब म्हणजे किती ग्रॅम, हे प्रत्येक गनचे वेगळे असते. कागदाच्या तुकड्यावर दहा दाब काढावेत, किराणा दुकानाच्या किंवा सोनाराच्या काट्यावर वजन करावे, कागदाचे वजन वजा करून दहाने भागावे. आलेला आकडा गनवरच रंगाने लिहून ठेवावा. एका दाबाला सव्वा ग्रॅम येत असेल तर 6306 ला पाच-सहा दाबांत काम झाले. आपल्याकडे वीस-वीस दाब मारतात!

ग्रीस देण्याआधी मोटार बंद करून मेन स्विच काढावा. निप्पल फडक्याने स्वच्छ पुसावे, नाहीतर तोंडावरची वाळू पहिल्याच दाबाला आत जाते. खालचा निचऱ्याचा स्क्रू काढावा, मापाचे ग्रीस सावकाश द्यावे, दांडा हाताने फिरवावा. मग स्क्रू उघडाच ठेवून मोटार अर्धा तास चालवावी. जुने जास्तीचे ग्रीस बाहेर येईल. नंतर स्क्रू लावावा. ग्रीस दिल्यावर बेअरिंग थोडे तापते आणि काही तासांत निवते. निवलेच नाही, तर जास्त झाले असे समजावे. निप्पल नसेल तर झाकण उघडून बेअरिंग रॉकेलने किंवा डिझेलने धुवून वाळवावे, गोळ्यांमध्ये बोटाने ग्रीस चेपावे आणि झाकणाची पोकळी फक्त एक-तृतीयांश भरावी.

सगळ्याच बेअरिंगना ग्रीस लागत नाही. आकड्यापुढे झेड-झेड किंवा टू-आर-एस अशी अक्षरे असतील तर ते दोन्ही बाजूंनी बंद असते, त्यात कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. त्याचे झाकण उचकटू नये. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटारीलाही वरून ग्रीस द्यायचे नसते.

ट्रॅक्टरचे गणित मात्र उलटे आहे. पुढच्या चाकांच्या पिना आणि बुश हळू फिरतात, तिथे घुसळण्याचा प्रश्न नाही. तिथे ताजे ग्रीस कडेने डोकावेपर्यंत दाबावे, म्हणजे माती आणि पाणी बाहेर ढकलले जाते. अकोल्याकडे भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टर घालणाऱ्यांनी हे रोज संध्याकाळी करावे. कोकणातील काही मच्छीमार बोटींवर पंख्याच्या दांड्यापाशी ग्रीसचा कप असतो. त्याचे झाकण थोडे थोडे आवळत राहतात, तेही पाणी आत येऊ नये म्हणूनच. ऊस वाहणाऱ्या टायरगाडीच्या चाकात मात्र बेअरिंग असते. तिथे पुन्हा मोटारीचाच नियम, रोलर भरून घ्यावेत आणि चाकाची पोकळी मोकळी ठेवावी. तेलात राख कालवलेले आखाचे काळे वंगण लाकडी चाकाला चालत होते, बेअरिंगला चालत नाही.

ग्रीसाची जातही पाहावी. चुन्याच्या साबणाचे स्वस्त ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण तापले की पातळ होते. मोटारीला लिथियमचे घ्यावे. दोन जातींची सरमिसळ करू नये. काही मिश्रणे पातळ होऊन वाहून जातात. रंग सारखा दिसला म्हणून जात एक असतेच असे नाही, डब्यावरचे लिहिलेले वाचावे. किती तासांनी ग्रीस द्यायचे ते मोटारीच्या पुस्तिकेत असते. रात्रीच्या विजेवर ऑटोस्टार्टरने चालणाऱ्या मोटारीचे तास आपल्या नजरेआड भरतात, म्हणून पाण्याच्या पाळीबरोबर तेही कॅलेंडरवर मांडावेत. आणि बाहेर आलेले काळे ग्रीस जुन्या डब्यात जमा करावे, विहिरीच्या कडेला सांडू देऊ नये.