मिठाची भूक

बांधलेला बैल गोठ्याची भिंत चाटू लागला, की आपल्या यवतमाळकडची जाणती माणसे त्याच्या ढेपेत मूठभर मीठ मिसळतात. उपाय योग्यच आहे. परंतु त्या मुक्या जनावराला मीठ हवे असे सांगते कोण, हा प्रश्न आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

कडबा-कुटारात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र बेताचेच. शरीरातील सोडियम घटू लागले, की मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अ‍ॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचा अंतःस्राव रक्तात सोडते आणि मूत्रपिंड मीठ राखू लागते. १९३६ साली अमेरिकेत कर्ट रिक्टर यांनी उंदरांच्या ह्या ग्रंथी काढून टाकल्या. असे उंदीर एरवी फार दिवस जगत नाहीत. पण ज्यांच्यापुढे मिठाचे पाणी ठेवले होते, त्यांनी ते भरपूर पिऊन आपला जीव वाचवला. त्यांना कोणी शिकवले नव्हते!

येथवर हिशेब सरळ आहे: तूट पडली, भूक लागली. पुढची गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. भय, इजा, कोंडमारा अशा प्रसंगी मेंदूखालची पिट्युइटरी ग्रंथी एसीटीएच हा रस सोडून अ‍ॅड्रिनलला जागे करते. ऑस्ट्रेलियात डेरेक डेंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच रस मेंढ्यांना आणि सशांना दिला. त्यांच्या अंगात मिठाची तूट नव्हती, तरी ते अधिक मीठ खाऊ लागले. मेंदूच्या देठात अल्डोस्टेरॉन ओळखणाऱ्या थोड्या मज्जापेशी असतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्या चेतवताच मिठाला न तुटलेले उंदीरही मिठाकडे वळले. म्हणजे भूक केवळ तुटीची नव्हे, तर ग्रंथींच्या निरोपाचीही असते.

मेंढीवरून माणसाचा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. परंतु बाजारातून नुकतेच आणलेले, कळपापासून तुटलेले जनावर मीठ शोधू लागले, तर केवळ वैरणीला दोष देऊन भागणार नाही. ते बावरले आहे काय, हेही पाहावे. आणि मीठ ठेवाल तेथे पाणी हवेच. वैशाखात विहिरी तळाला जातात, तेव्हा हे विसरणे महागात पडते: भरपूर मीठ खाल्लेल्या जनावराला पाणी मिळाले नाही, तर त्याला विषबाधा होते, दिसेनासे होते, झटके येतात आणि ते दगावतेही.