चपळ कुत्रा हवा? आधी स्वतःचा वेळ मोजा

माण, खटाव, आटपाडी, जत या माळरानांच्या पट्ट्यात लांब पायांचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा, निमुळत्या तोंडाचा कुत्रा लोकांना नवा नाही. कुणी त्याला कारवानी म्हणते, कुणी मुधोळ. जतच्या पुढे कर्नाटकात शिरले की बागलकोट जिल्ह्यात मुधोळ लागते. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली आणि मालोजीराव राजांनी तिची जोडी इंग्लंडच्या राजाला भेट दिली. २००५ मध्ये टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचे नाव घेतले. तेव्हापासून शहरातल्या घरांतही त्याला मागणी आहे. देशी जातीला मान मिळतो आहे, ही चांगलीच गोष्ट. पण माळावर धावण्यासाठी घडलेले शरीर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले की प्रश्न सुरू होतात, आणि त्यातले काही सरकारी दवाखान्याच्या रांगेत येऊन उभे राहतात.

साखळीचा परिणाम

श्वानदंशाच्या रुग्णाला आम्ही पहिल्यांदा विचारतो, 'कुत्रा कुणाचा?' अनेकदा उत्तर येते, 'घरचाच' किंवा 'शेजारच्यांचा'. दिवसभर आखूड साखळीने बांधलेला, माणसांत न मिसळलेला कुत्रा बिथरतो. जवळून पळत गेलेले मूल त्याला सावजासारखे वाटू शकते. मुलांची उंची कमी असल्याने चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो आणि तिथली जखम जास्त धोक्याची असते. दावणीच्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

रोजची गरज

मुधोळ, कारवानी, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड किंवा हस्की, यांपैकी कुठलाही मोठा, चपळ कुत्रा पाळायचा तर रोज तास-दीड तास त्याच्यासाठी हवा. त्यातला काही वेळ कुंपण असलेल्या जागेत मोकळे धावणे हवे. मुधोळसारखे कुत्रे नजरेने सावज हेरतात. ससा, कोंबडी किंवा मांजर दिसले की हाक त्यांच्या कानावर पडत नाही, म्हणून रस्त्यावर पट्टा सोडू नये. सशाच्या शिकारीला तर वन्यजीव कायद्याने बंदीच आहे.

वेळ पहाटेची किंवा सूर्य कलल्यानंतरची असावी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. हस्कीसारख्या दाट केसांच्या, थंड प्रदेशातल्या कुत्र्याला आपला एप्रिल-मे फार जड जातो. छाती खोल असलेल्या कुत्र्याला पोटभर खाऊ घालून लगेच पळवू नये, पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. मुधोळच्या बरगड्या थोड्या दिसणे स्वाभाविक आहे, त्याला भाकरी-दूध चारून गुबगुबीत करण्याची गरज नाही. कांदा, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट त्याच्यापासून दूरच ठेवा. सांगलीकडे घरोघरी बेदाणे असतात, म्हणून हे आवर्जून सांगावेसे वाटते.

लस आणि जंत

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्याआधी आईपासून तोडू नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध, इतर लसी आणि साधारण तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस द्यावी. पुढचे डोस चुकवू नयेत. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात पोचतात. कृष्णेच्या पुराचे पाणी घरात शिरते तेव्हा लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. हा आजार उंदरांप्रमाणेच कुत्र्याच्या लघवीतूनही पसरू शकतो, म्हणून त्याची लस कुत्र्याला द्यायची का, हे पशुवैद्यकाला विचारून घ्यावे.

आणि तरीही कुत्रा चावला, ओरखडला किंवा जखम त्याने चाटली, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात या. लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. जखम खोल असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. 'घरचाच कुत्रा आहे, दहा दिवस बघू' म्हणून थांबू नका. कुत्र्यावर लक्ष ठेवावेच, पण उपचार सुरू करून. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेत घेतलेली लस मात्र त्याला वाचवते, म्हणून दिलेल्या तारखांचे सगळे डोस पूर्ण करा.

फायदा दोघांचा

प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना आम्ही तेच सांगत असतो आणि बहुतेकांना ते जमत नाही. दाराशी उभा राहून शेपटी हलवणारा कुत्रा हे काम आमच्यापेक्षा चांगले करतो. अजिंक्यताऱ्याच्या चढावर किंवा कृष्णेच्या घाटावर तो ओढत नेईल तेव्हा मालकाचीही साखर उतरेल.

म्हणून पिल्लाची किंमत विचारण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. महिनाभर, पाऊस असो वा लग्नसराई, रोज पहाटे तासभर एकटेच चालून या. एकही दिवस चुकला नाही तर खुशाल चपळ कुत्रा आणा. जमले नाही तर गल्लीतल्या एखाद्या शांत, प्रौढ देशी कुत्र्याला लस देऊन घर द्या. तोही तितकाच जीव लावतो.