वेगळी बैठक म्हणजे फूट नव्हे

ग्रामसभेची नोटीस लागली, की तिच्या आधी महिला सभेचीही तारीख येते. मग पारावर कुणीतरी हमखास म्हणतं, "बायकांची वेगळी सभा कशाला? गाव एकच आहे ना!" शहरात पुरुषांना बोलण्यासाठी वेगळी जागा काढा, की दुसऱ्या टोकाचा सवाल येतो, "पुरुषांचे कसले आलेत प्रश्न?" हे दोन्ही आक्षेप गैरसमजातून येतात, आणि त्या गैरसमजापायी माणसं मुकाट सोसत राहतात.

सर्वांत पसरलेला समज असा, की महिला सभा ऐच्छिक आहे; जमली तर घ्यायची, नाहीतर नाही. तसं नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 7 नुसार नियमित ग्रामसभेआधी महिला सदस्यांची सभा घ्यावीच लागते. कायद्याला याची गरज का वाटली, हे कुठल्याही ग्रामसभेत जाऊन बघावं. पुढच्या सतरंजीवर पुरुष, बायका दाराशी नाहीतर भिंतीला टेकून. समोर सासरे, दीर, सगळी भावकी. नळाला पाणी भर दुपारी, बाई शेतात असताना येतं. शाळेत मुलींच्या संडासाला कडी नाही. दुकानातली दारू घरापर्यंत पोचते. यातलं काहीही तिथे उठून बोलायचं, म्हणजे घरी गेल्यावर "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" हे ऐकून घ्यायची तयारी हवी. पंचायतीत महिलांना 2011 पासून निम्म्या जागा राखीव आहेत, पण खुर्ची मिळाली म्हणून भावकीपुढची भीड चेपत नाही. तीच बाई चारचौघींत आधी बोलली, बाकीच्या "आमच्याकडेही हेच" म्हणाल्या, की तिची तक्रार एकटीची राहत नाही. तिचा ठराव होतो आणि तो सगळ्या गावापुढे येतो. म्हणून यात गावाचे दोन तुकडे पडत नाहीत. एरवी जे गावापर्यंत पोचलंच नसतं, ते पोचतं.

"हा पुरुषांवर अन्याय, घटनेत तर सगळे समान," असंही म्हटलं जातं. घटनेच्या ज्या 15व्या अनुच्छेदाने लिंगावरून भेदभावाला मनाई केली, त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभाही दिली आहे.

आता पुरुषांचं. 'पुरुषांना बोलायला सगळं जग मोकळं आहे' हा समज मला सर्वांत घातक वाटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यांतले 1,22,724 जण पुरुष होते. कारणांमध्ये कौटुंबिक अडचणी सर्वांत वर, त्यांच्याखाली आजारपण. चावडीवर, कट्ट्यावर पुरुष तासन्‌तास बोलतात, पण पावसावर, भावावर, राजकारणावर. कर्ज फिटत नाही, रात्र रात्र झोप लागत नाही, बायकोशी बोलणं तुटलंय, हे तिथे निघत नाही. निघालंच तर "बाईसारखा रडतोस काय" म्हणून त्याचं तोंड बंद केलं जातं.

पुरुषांच्या प्रश्नांना जागा दिली की बायकांचे प्रश्न मागे पडतात, या भीतीला पुण्यातच चोख उत्तर मिळालं आहे. 1982 मध्ये विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच सुरू केला. मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या तरुण विवाहितांच्या मृत्यूंनी तेव्हा शहर हादरलं होतं. मंचाचं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन पाहून बायका स्वतःबद्दल बोलू लागल्या, आणि त्यांच्यासाठी 'बोलते व्हा' हे केंद्र उभं राहिलं. पुढे विद्याताईंच्याच पुढाकाराने 'पुरुष संवाद केंद्र'ही निघालं. बायकांचा छळ इतक्या जवळून पाहिलेल्यांनाच पुरुषांशी बोलण्याची निकड वाटली, याचा विचार व्हायला हवा. मुंबईत 1993 मध्ये तर स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पुरुषांनीच 'मावा' ही संघटना उभी केली. हरीश सदानी त्यांपैकी एक.

बायकांच्या बाजूने चित्र अजूनही गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्क्यांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. पुरुषांचं दुःख खरं मानलं म्हणून हा आकडा लहान होत नाही.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. नुसतं दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडायला जमलेली बैठक विखारी होते, मग ती बायकांची असो की पुरुषांची. तिथून निघालेलं बोलणं सामाईक सभेत, घरात, पंचायतीत पोचतं का, हीच तिची कसोटी. पोचत नसेल, तर ती बैठक कामाची नाही.

पुढच्या ग्रामसभेआधी आपल्या गावात महिला सभा खरोखर भरते, की रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना जरूर विचारा. आणि तुमच्या ओळखीत कुणी गप्प झालं असेल, तर बाईला 181 हा महिला हेल्पलाइनचा आणि बाई असो वा पुरुष, कुणालाही 14416 हा 'टेली-मानस'चा नंबर द्या. दोन्ही चोवीस तास सुरू असतात.